मशीन सव्वीस, बारा सत्तेचाळीस

हे मी घरी सांगितलेलं नाही. कॉलेजात तर नाहीच. मे महिन्यातला मंगळवार होता, सकाळचे साडेदहा. प्रयोगशाळेत तीस विद्यार्थी, तीस मशीन, बाहेरगावचे एक परीक्षक आणि मी.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजची संगणक प्रयोगशाळा मी सांभाळतो, सतरा वर्षं झाली. माझ्या नोंदवहीत खाडाखोड सापडायची नाही असं लोक म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडतं — हे आधीच सांगून ठेवतो.

तीसपैकी बावीस मशीनवर विंडोज. उरलेली आठ जुनी, त्यांना नवं विंडोज झेपत नाही म्हणून लिनक्स घातलेलं. परीक्षा पायथनची. पायथनमध्ये पडद्यावर खिडकी, बटणं, रकाने काढायचे तर टीकिंटर नावाची लायब्ररी लागते. विंडोजवर पायथन बसवलं की ती बरोबरच येते. माझ्या मुलीच्या मॅकवर जुनी होती, नवी घालावी लागली. आणि लिनक्सवर बऱ्याचदा ती नसतेच, वेगळी बसवावी लागते. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. पण माहीत नसणं वेगळं आणि न बघणं वेगळं, नाही का? आदल्या दिवशी मी बावीस मशीनवर खिडकी उघडून पाहिली. आठांवर पायथन आहे एवढंच पाहिलं, आणि ‘टीकिंटर तपासले’ या रकान्यात तीसच्या तीस बरोबरच्या खुणा केल्या. खाली सही.

हे निष्काळजीपण झालं. तेवढंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

प्रश्न चिठ्ठीवर येतात. खिडकी काढायच्या चिठ्ठ्या सहा होत्या. पाच विंडोजवाल्यांना गेल्या. सहावी सुजाताला — मुरगूडची, रोज एसटीनं येणारी, वर्गात बोलली तर कामाचंच बोलणारी. मशीन सव्वीस. लिनक्स.

पंधरा-वीस मिनिटांत तिनं हात वर केला.

“सर, ह्यात टीकिंटर न्हाईच की. लिनक्सवर ते वेगळं घालावं लागतंय. तुमचा पासवर्ड टाका, दोन मिन्टाचं काम हाय.”

मी वाकून पडद्याकडे पाहिलं. तसली लायब्ररी नाही, असं तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणजे मला त्याच क्षणी कळलं — पुढचं मी कळूनसवरून केलं, हे लक्षात असू द्या. परीक्षक खुर्चीतून उठून आले. त्यांच्या हातात माझी नोंदवही.

“काय ओ, ही म्हणतीया मशीनमधी सामानच न्हाई. आणि तुम्ही तर हितं खूण केलीया.”

पासवर्ड माझ्याकडेच होता. टाकला असता तर एक खूण खोटी ठरली असती. मग त्यांनी उरलेली सात मशीन बघितली असती. आठ खुणा. एवढंच. तुम्ही म्हणाल, आठ खुणांसाठी?

मी म्हणालो, “मशीन तपासलेलं आहे. तिचंच काहीतरी चुकलं असेल.”

सुजाता पुन्हा पडद्याकडे वळली. शेजारचा पोरगा हळूच म्हणाला, “सुजे, चिठ्ठी बदल की. पाच मार्क गेलं म्हणून मरत न्हाईस.” ती म्हणाली, “माझं बरोबर हाय. मी कशाला बदलू?” आणि तिनं सबंध प्रोग्रॅम लिहून काढला, एकदाही चालवून न बघता. साडेबाराला पडद्यावर काही दिसलं नाही म्हणून परीक्षकांनी तिच्या नावापुढे गुण घातले ते नापासाचे. गुणपत्रिकेचं पाकीट बंद झालं. त्यावर माझीही सही.

परीक्षक जेवायला गेले. मी सव्वीस नंबरवर बसलो, पासवर्ड टाकला, लायब्ररी बसवली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग तिचा प्रोग्रॅम चालवला. का चालवला? तिचं चुकलेलं असावं अशी आशा होती, दुसरं काय.

खिडकी उघडली. दूध संकलनाची नोंद — सभासदाचं नाव, लिटर, फॅट, खाली हिरवं बटण. मी तीन सभासद भरून पाहिले. तिन्ही हिशोब बरोबर आले.

पाकीट अजून टेबलावरच होतं. मी खिडकी बंद केली आणि तीच लायब्ररी घालायला उरलेल्या सात मशीनकडे गेलो.

कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं तिला निकालाच्या अटीवर घेतलं होतं. निकाल लागला, आणि ती जागा तिच्याच वर्गातल्या दुसऱ्याला गेली. हे मला त्याच आठवड्यात कळलं. तेव्हाही मी गप्प राहिलो.

फेरपरीक्षा हिवाळ्यात झाली. बसायच्या जागा मीच लावल्या होत्या, तिला मुद्दाम विंडोज दिलं होतं. ती म्हणाली, “सर, मला सव्वीसच द्या.” काय म्हणून नाही म्हणणार होतो?

पेपर तिनं तासाभरात संपवला. खिडकी उघडली, परीक्षकांनी मान डोलावली. मग उठायच्या आधी तिनं आणखी एक आज्ञा टाइप केली. लिनक्स मशीन कुठली लायब्ररी कधी बसवली याची तारीख-वेळ लिहून ठेवतं. मी मागेच उभा होतो. टीकिंटर. मे महिन्यातला तो मंगळवार. बारा सत्तेचाळीस.

ती ते वाचत बसली. मागे वळली नाही. नंतर पडदा बंद करून दाराशी आली, जिथं जाताना प्रत्येकानं सही करून वेळ लिहायची असते. तिनं सही केली, वेळ लिहिली, पेन वहीवर ठेवलं. “येते सर,” म्हणाली.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. वहीत १२.४७ लिहिलेलं होतं.

त्या पानाखाली रोजच्यासारखी तपासल्याची सही करायची होती. ती मी केली. वेळ दुरुस्त केली नाही.