वखारीच्या आवारात शिकलेली कँटनची बोली

लग्न होऊन मी नवापूरला आले तेव्हा आमचं बिऱ्हाड लाकडाच्या वखारीच्या आवारातच होतं. डांगच्या जंगलातलं सागवान तिथे रचून ठेवलेलं असे. आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, वखारीत कारकून होते, आलेल्या मालाची मापं घेऊन चिठ्ठ्या लिहायचे. मी माहेरची कोरीटची, चौथी शिकलेली. घरी आम्ही अहिराणी बोलायचो. पुस्तकातली मराठी मी शाळेत शिकले, आणि ती मला बरेच दिवस मास्तरांची भाषा वाटायची. वखारीत गुजराती चालायची, तीही दोन वर्षांत कानावर पडून पडून आली. तेव्हा नवी भाषा कानात शिरणं मला अगदीच अपरिचित नव्हतं. तरी त्या आवारात मी चिनी बोलायला शिकेन असं कुणालाच वाटलं नसतं, मला तर नाहीच.

वखारीच्या शेठजींनी कपाटं आणि खुर्च्यांच्या बारीक कामासाठी मुंबईहून एक चिनी सुतार आणला. तो कँटनकडचा होता. मुंबईच्या गोदीत त्याने काही वर्षं काम केलं होतं, त्यामुळे त्याला कामापुरती हिंदुस्थानी येत होती. त्याची बायको मात्र वर्षभरापूर्वीच आपल्या गावाहून थेट मुंबईच्या चिनी वस्तीत आली होती आणि तिला आपल्याकडचा एकही शब्द येत नव्हता. शेठजींनी त्यांना आमच्या शेजारची खोली दिली. दोन्ही खोल्यांना मिळून एकच ओटा होता. पुरुष कामावर गेले की दिवसभर आम्ही दोघी आणि माझ्या सासूबाई, एवढीच माणसं तिथे उरायची.

पहिले आठ दिवस आम्ही एकमेकींकडे बघून नुसत्या हसलो. नवव्या दिवशी दुपारी मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. ती बाहेर आली आणि म्हणाली, "सिक चो फान मेइ आ?"

मला काही कळलं नाही. तिने हाताने घास तोंडात घातल्यासारखं केलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. तेव्हा उलगडलं. आमच्याकडे बाया भेटल्या की "जेवनी का?" विचारतात, तेच ती विचारत होती. इतक्या लांबची बाई ओळख करून घेताना अगदी आमच्यासारखंच बोलते, याचा मला फार आनंद झाला. मी ते वाक्य तिच्याकडून चार वेळा म्हणून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला म्हणून दाखवलं. तिने हातातली बादली खाली ठेवली आणि ओठांवर पदरासारखा हात धरून हसली. माझ्या शिकण्याची सुरुवात ती.

ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी होती. त्यांच्यात थोरल्या बहिणीला "काचे" म्हणतात, म्हणून मी तिला काचे म्हणू लागले. धाकट्या बहिणीला "मुइ". ती मला मुइ म्हणायची.

वस्तूंची नावं लवकर आली. पाणी, मीठ, विस्तव, विळी, कोंबडी. अडलं ते सुरांवर. त्या बोलीत एकच शब्द वेगवेगळ्या उंचीवर म्हटला की अर्थ पार बदलतो. एकदा मी चहासाठी साखर मागायला गेले आणि "थाँग" म्हणाले. काचेने मला वाटीभर गरम रस्सा आणून दिला. मी मान हलवली, पुन्हा "थाँग" म्हटलं. तिला वाटलं रस्सा कमी पडला, तिने आणखी ओतला. शेवटी तिने चुलीतला कोळसा घेतला आणि ओट्यावर रेघा काढल्या. वर एक सरळ रेघ, म्हणजे उंच आवाज, तो रस्सा. खाली एक घसरत गेलेली रेघ, म्हणजे आवाज खाली सोडायचा, ती साखर. त्या दिवशी तिने अशा सहा तऱ्हेच्या रेघा काढल्या आणि मी एकेक रेघ बोटाने गिरवत आवाज काढत बसले.

सासूबाई बाहेर आल्या. ओटा त्यांनी सकाळीच सारवला होता.

"हाई काय करी ऱ्हायनी तू?" त्या म्हणाल्या. "कोळसानं ओटा काळा कया. आनि घसा काय काढी ऱ्हायनी?"

"भाषा शिकी ऱ्हायनू, आत्याबाई."

"कसाले? त्या लोके काय जलमभर आठे ऱ्हातीन?"

मी ओटा पुन्हा सारवला, आणि दुसऱ्या दिवशी रेघा जुन्या पाटीवर काढायला सुरुवात केली. ती पाटी माझ्या चौथीतली होती, ट्रंकेतून काढली.

वर्षभरात माझी गाडी नुसत्या शब्दांवरून वाक्यांवर आली. त्यात मला अहिराणीची मोठी मदत झाली, हे सांगायला हवं. पुस्तकी मराठीत आपण "जेवत आहे" म्हणतो. अहिराणीत "जेवी ऱ्हायनू" म्हटलं की काम चालू आहे हे लगेच कळतं. त्यांच्या बोलीत क्रियेच्या शब्दानंतर "कन" लावला की तोच अर्थ होतो. झालेल्या कामाला "चो" लावायचा. हे दोन तुकडे ज्या दिवशी मला नीट समजले, त्या दिवशी मी काचेला सबंध सकाळ काय केलं ते सांगितलं. पाणी भरलं, भाकरी केल्या, आता तांदूळ निवडतेय. ती मला मध्ये एकदाही न थांबवता ऐकत राहिली. माझ्या लक्षात आलं की आता ती माझं बोलणं ऐकत होती, भाषा तपासत नव्हती.

मोजण्याचेही त्यांचे वेगळे नियम होते. माणूस मोजताना एक शब्द, कोंबडी मोजताना दुसरा, मासा, रस्ता आणि नदी अशा लांब गोष्टींना तिसरा. मी माणसांना कोंबड्यांचा शब्द लावायची आणि काचे पोट धरून हसायची. आभाराचेही दोन शब्द होते. कुणी वस्तू दिली तर एक, कुणी आपलं काम केलं तर दुसरा. आमच्याकडे घरच्या माणसाचे आभार कुणी मानतच नाही. तिने पाण्याचा हंडा उचलून दिला आणि मी "म कॉय" म्हणाले की मला स्वतःलाच लाजल्यासारखं व्हायचं.

अडीच-तीन वर्षांत माझी मजल कुठवर गेली होती, तर बाजार, आजारपण, नातीगोती, काल काय घडलं आणि उद्या काय करायचं, एवढं मी न घाबरता बोलू शकत होते. ती नवऱ्याशी भरभर बोलू लागली की मला निम्मं कळायचं. "मान मान काँग", म्हणजे हळू बोल, हे वाक्य मला रोज लागायचं. लिहिता-वाचता तर एक अक्षर येत नव्हतं. तरी त्या बोलीत मला आता माणूस भेटत होतं, आणि या गोष्टीचा मला आतून अभिमान वाटायचा.

मग इंग्रजांच्या मोठ्या लढाईत जपान शत्रूच्या बाजूने उतरला. परदेशी माणसांची नोंद आणि चौकशी सुरू झाली. गावात कुणीतरी बोललं की वखारीतला सुतार जपानी आहे. एक दिवस सकाळी शिपाई आला आणि नवराबायको दोघांना कचेरीत बोलावल्याचं सांगून गेला. त्यांच्या पेटीतली सगळी कागदपत्रंही आणायची होती. दोघांची चौकशी वेगवेगळी होणार होती. सुतार कसाबसा हिंदुस्थानीत बोलला असता. काचेचं काय? आम्ही दोघी तिच्याच बोलीत बोलायचो, त्यामुळे तिला आमचे मोजके शब्दच आले होते.

ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मुइ, मी काय बोलू? त्यांना कसं कळेल?"

आमच्या घरचे म्हणाले, "मी शेठजींना विचारतो, मुंबईहून कुणी दुभाषा मिळतो का."

"तोवर तिला बसवून ठेवतील," मी म्हणाले. "मी जाते."

त्यांनी आईकडे पाहिलं. सासूबाई चुलीपाशी होत्या. तोवर आमच्या घरातली कुठलीच बाई कचेरीची पायरी चढली नव्हती. त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग उठल्या आणि खुंटीवरचं धुतलेलं लुगडं घेतलं.

"तिले बोलता येत नही," त्या मुलाला म्हणाल्या, "आनि हाईले येस. मंग जावाले नको का? मी बी येस संगे."

फौजदारसाहेब मध्यम वयाचे, बाहेरगावचे होते. सुताराला त्यांनी बाहेर बसवलं आणि काचेला आत घेतलं. मला विचारलं, "तुम्हाला यांची भाषा येते?"

"सगळी नाही येत, साहेब," मी मास्तरांच्या मराठीत म्हणाले. "रोजचं बोलणं येतं."

गाव कुठलं, कोणत्या बोटीने आलात, घरी कोण कोण आहे, असे प्रश्न झाले. ते मला सोपे गेले. नातीगोती तर आम्ही दोघींनी शंभर वेळा बोललेली होती. मग साहेबांनी पेटीतलं एक पत्र काढलं. वरपासून खालपर्यंत अक्षरांच्या ओळी होत्या. काचे तिच्या गावच्या शाळेत थोडी शिकली होती. साहेब म्हणाले, "तिला वाचू द्या, आणि ती काय वाचते ते एकेक वाक्य मला सांगा."

ते तिच्या भावाचं जुनं पत्र होतं. ती एक ओळ वाचायची, मग माझ्यासाठी साध्या बोलीत सांगायची. आईचा गुडघा दुखतो. विहिरीचा दोर बदलला. डुक्कर विकलं. मी सांगत गेले, कचेरीतला कारकून लिहीत गेला. आणि मग एका ओळीत एक शब्द आला, "पाउचेंग". मी तो कधी ऐकलेला नव्हता.

"काय म्हणाली?" साहेबांनी विचारलं.

काहीतरी ठोकून देता आलं असतं, कुणाला कळलं नसतं. पण मी म्हणाले, "साहेब, हा शब्द मला येत नाही. मी तिला विचारते."

विचारलं. काचे घाबरलेली होती, तुटक बोलली. "आत फो-येऊक असतं. पेटवलं की मोठा आवाज होतो." फो म्हणजे आग आणि येऊक म्हणजे औषध, हे मला माहीत होतं. ते सांगितलं तर काय होईल हेही समजत होतं. तरी जे ऐकलं ते मी तसंच सांगितलं. "ती म्हणते, आत आगीचं औषध असतं आणि पेटवलं की मोठा आवाज होतो."

कारकुनाचा टाक थांबला. साहेब खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे बंदुकीची दारू. कशासाठी आणली होती ही दारू?"

मी काचेचा हात धरला आणि म्हणाले, "मान मान काँग, काचे. केवढं असतं ते? कधी पेटवतात? कोण पेटवतं?"

तिने श्वास घेतला आणि आपली करंगळी दाखवली. मग हळूहळू, आम्ही ओट्यावर बोलायचो तशी, म्हणाली, "लाल कागदाचं. एवढंसं. पुष्कळ, एकाला एक बांधलेले. धाकट्या भावाचं लग्न झालं त्या दिवशी दारात पेटवले."

"फटाकड्या, साहेब," मी म्हणाले. "फटाकड्यांची माळ. भावाच्या लग्नात लावली, ते लिहिलंय."

मागून सासूबाई हळूच म्हणाल्या, "लगीनमा आपन बी फोडतस ना."

साहेबांनी सुताराला आत बोलावलं. बाकी काही न सांगता पत्रातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि अर्थ विचारला. तो वाकून बघत म्हणाला, "पटाखा, साब. शादी में पटाखा."

साहेब मागे टेकले. त्यांनी कारकुनाला लिहायला सांगितलं की ही माणसं चीनची आहेत, काम करून राहतात, महिन्यातून एकदा हजेरी द्यावी. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, येत नाही तो शब्द येत नाही म्हणालात, म्हणून बाकीच्या सगळ्यावर माझा विश्वास बसला. कुठे शिकलात?"

"ओट्यावर," मी म्हणाले.

परत येताना वाटेत पाणवठ्यावर बाया उभ्या होत्या. कुणीतरी विचारलं, काय झालं. उत्तर द्यायला मी तोंड उघडण्याआधीच सासूबाई थांबल्या आणि डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाल्या, "मन्ही सून चिनी बोलस. फौजदारले समजाडी दिनं तिनी." एवढं सांगून त्या ताठ मानेने पुढे चालू लागल्या. मी मागून चालले. काचे माझ्या शेजारी होती आणि रडत होती, पण पाऊल माझ्या बरोबरीने टाकत होती.

त्यानंतर लढाई संपेपर्यंत काचेची दर महिन्याची हजेरी आम्ही तिघी जाऊन दिली. एकदा नंदुरबारलाही बोलावणं आलं. ऐन वेळेला शब्द शोधायला लागू नये म्हणून गाडीत मी काचेला अवघड अवघड प्रश्न विचारत गेले. तिथला साहेब तरुण होता. त्याने तीनच प्रश्न विचारले आणि शिक्का मारून कागद परत दिला.

लढाई संपल्यावर दोन वर्षांनी सुताराला मायदेशी जाणाऱ्या बोटीत जागा मिळाली आणि ती दोघं गेली. पुढे एक पत्र आलं. ते वाचून दाखवणारं इथे कोणी नव्हतं, मला तर अक्षरं येतच नव्हती. मुंबईला जाणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे ते दिलं. त्याने तिथल्या चिनी वस्तीतल्या एका म्हाताऱ्याकडून मजकूर ऐकून हिंदुस्थानीत लिहून आणला. काचेला मुलगी झाली होती.

मी ओट्यावर बसून त्या पत्राचं उत्तर आधी तोंडाने तिच्या बोलीत जुळवलं. मुलीचं नाव काय ठेवलंस, दूध पुरतं का, बाळंतपणात काय खाल्लंस. मग तेच मराठीत उतरवून व्यापाऱ्याच्या हाती दिलं, त्याने ते म्हाताऱ्याला हिंदुस्थानीत सांगून चिनीत लिहून घ्यावं म्हणून. चौदा वाक्यं झाली होती, आणि त्यातल्या एकाही शब्दासाठी मला थांबावं लागलं नव्हतं.