उषाबाईंचा स्वच्छंदतावाद

केदारखेड्याच्या शाळेत उषाबाई मराठी शिकवायच्या. नववीच्या पुस्तकात एखादी निसर्गकविता आली की धडा बाजूला राहायचा आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत एक शब्द यायचा, स्वच्छंदतावाद. परीक्षेत तो कधीच येणार नव्हता.

"आधी कवितेत राजे असायचे, देव असायचे आणि ती कशी लिहायची याचे कायदे असायचे," बाई सांगत. "मग युरोपात काही तरुण निघाले. म्हणाले, माणसाच्या मनाला जे वाटतं तेवढा पुरावा बस आहे. मेंढपाळ, अनाथ पोरगी, ओसाड डोंगर, सगळं कवितेत येऊ द्या. ते वारं पुढं कादंबऱ्यांत शिरलं. आज आपण ज्यांना अभिजात म्हणतो, त्या कादंबऱ्यांतल्या कितीतरी बाया त्याच वाऱ्यानं जिवंत झाल्या. नाहीतर एका बाईच्या एकटेपणासाठी कोण चारशे पानं लिहितंय?"

पोरं खिडकीबाहेर बघत. रहमतुल्ला टेलरची आसिफा तेवढी ऐकायची. पुढं ती भोकरदनला कॉलेजात शिकवायला लागली.

बाईंचे पती पुंजाराम सातवीपर्यंत शिकलेले, मोसंबीची बाग सांभाळणारे. गाव बाई म्हणायचं म्हणून तेही बाईच म्हणत. लग्नानंतरच्या वर्षांत रविवारी ते त्यांना मोटरसायकलवर पूर्णेच्या काठाला न्यायचे. बाई पाण्याकडे बघत बसत.

"काय बघून राह्यली?" पुंजाराम विचारत.

"काही नाही."

मग ते शेजारच्या शेतातली पाण्याची मोटर बघायला जात. आपल्या बायकोला जे बोलायचंय त्यासाठी आपण पुरे पडत नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. बाईंनी मात्र लावून घेतलं असावं, कारण पुढं त्यांनी नदीवर चला म्हणणं सोडलं. त्या पुस्तकं वाचत राहिल्या. निवृत्त झाल्यावर एक पुस्तक लिहायचं त्यांच्या मनात होतं. त्या वाऱ्यानं जुन्या कादंबऱ्या कशा बदलल्या, त्यावर.

निवृत्तीनंतर पहिल्याच दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. काही म्हणायचं झालं की तोंडातून "ते... ते" एवढंच निघे. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, किती कळतंय ते सांगता येत नाही, पण बोलत राहा, वाचून दाखवत राहा.

म्हणून पुंजाराम वाचायला बसले. दुपारची बागेतली कामं उरकून येत, हात धुवत आणि कपाटातलं पुस्तक काढून बाईंच्या खाटेशी बसत. बोट ठेवून, जोडाक्षरांशी अडत. पहिलंच पुस्तक निघालं एका जुन्या विलायती कादंबरीचं भाषांतर. डोंगरातली पोरगी, परत न आलेला माणूस. एके ठिकाणी लिहिलं होतं, तिचं दुःख नदीलाही सोसवेना आणि नदी काठ सोडून वाहू लागली.

पुंजाराम थांबले. "बाई, नदीला कसं कळंल? पूर येतो तो वर पाऊस पडला म्हणून."

मग बोट पुढच्या ओळीवर सरकवलं.

पुस्तक संपेपर्यंत मात्र पुंजारामांचं काहीतरी झालं. बागेत पाणी धरताना ती पोरगी डोक्यात यायला लागली. दुसरं पुस्तक झालं, तिसरं झालं. त्यांना विचारायचं साठत गेलं. ती परत का गेली नाही? एवढं प्रेम असून माणूस असा का वागला? आयुष्यभर बाई ज्यांची वाट बघत होत्या ते प्रश्न आता येत होते आणि उत्तराला "ते... ते" उरलं होतं.

आसिफा भेटायला आली. "बाई, ओळखलंत का?"

बाईंनी तोंड उघडलं, शब्द आला नाही. त्यांनी डावा हात खाटेवर आपटला, पुन्हा पुन्हा आपटला. आसिफानं तो हात धरून ठेवला. जाताना ती पुंजारामांना म्हणाली, "काका, बाई म्हणायच्या, या लेखकांना वाटायचं की निसर्ग माणसाला सावरतो. एकदा बाहेर नेऊन बघा."

पुंजारामांनी टेम्पो ठरवला, पुढं गादी टाकून बाईंना बसवलं आणि पूर्णेच्या काठाला नेलं. पाणी बरंच होतं, उन्हं उतरत होती. बाईंनी थोडा वेळ बघितलं. मग चेहरा वाकडा झाला. डाव्या हाताची मूठ करून त्या स्वतःच्या तोंडावर मारायला लागल्या. पुंजारामांनी मूठ धरली आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "चल, फिरव जल्दी."

त्यानंतर पुस्तक उघडलं की बाई पानावर हात ठेवत. पुंजारामांनी एक-दोनदा तो हात हळूच उचलून पाहिला. पुन्हा तिथंच यायचा. त्यांनी वाचणं थांबवलं. दुपारी टीव्ही लावायला लागले. मुलगी मीना फोनवर विचारायची, "आईला वाचून दाखवता ना?" तर म्हणत, "हां, रोजच."

कधीमधी एकटे बागेत पुस्तक घेऊन बसत. चार ओळी झाल्या की मिटून टाकत. ज्याच्यापाशी बोलावं असं माणूस घरात होतं आणि नव्हतंही.

एका संध्याकाळी बाईंना खिचडी भरवताना त्यांना राहवलं नाही.

"तू काठावर बसून काय बघत व्हतीस, ते मला आता थोडं थोडं दिसून राह्यलंय, बाई. तवा न्हाई इचारलं. आता कोणाला इचारू?"

बाईंनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काही होतं, की काहीच नव्हतं, पुंजारामांना कळलं नाही. चमचा तसाच हातात राहिला होता.

मग बाईंनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.