नवरदेवाच्या जीपसाठी मोकळी ठेवलेली गल्ली

बालाघाटहून निरोप आला की धाकटी बहीण विमल नोकरी सोडायच्या बेतात आहे. का, तर म्हणे गल्लीत सायकल चालत नाही! मी तडक नागपूरहून निघालो. साठच्या दशकातली गोष्ट. गोंदियाला उतरून छोट्या लाईनची गाडी धरायची. आता मोठी लाईन झाली आहे, तुमचा वेळ वाचेल. माझी गाडी मात्र रमतगमत निघाली होती आणि मी आत बसून चरफडत होतो. घरची शिदोरी होती म्हणून निभावलं.

विमल गावाबाहेरच्या शाळेत मास्तरीण. खाणीतलं मँगनीज नेणारे ट्रक जवळची वाट म्हणून तिच्या गल्लीत घुसू लागले, तेव्हा लेकरांच्या काळजीनं गल्लीकरांनी ट्रकचा वेग मोडायला मुरमाचा एक उंचवटा घातला. इथवर ठीक. लगेच शेजारी उठला, "मंग माह्या घरापुढं काहून नाही? माही लेकरं काय फुकटची हायेत?" झालं! दारागणिक उंचवटा. ट्रक आदळत-आपटत जातच राहिले, अडली ती सायकल. विमलची सासू वैतागून म्हणे, "सोडून दे ते नोकरी."

जेवायला तिकडच्या सुवासिक चिन्नोर तांदळाचा भात होता. तिकडं गेलात तर चुकवू नका. माझं मात्र जेवणात लक्ष नव्हतं. संध्याकाळी ओट्यावर सगळे जमले, तेव्हा मी म्हटलं, "गल्लीच्या तोंडाशी लाकडी खांब गाडा. माणूस जाईल, सायकल जाईल, ट्रक अडेल."

गल्लीतले वडीलधारे गोविंदराव म्हणाले, "हौ, पण नवरदेवाची जीप दारात कशी येईन?"

"लग्न कोणाकडे आहे?"

"सध्या त नाही. पण होईनच ना कधी!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कपाळावर हात मारून घेतला. कधीतरी येणाऱ्या जीपसाठी रोजचे ट्रक घरात घ्यायचे!

दुसऱ्या दिवशी शाळेला निघालेली विमल ट्रकला वाट देताना उंचवट्यावर घसरली. गुडघा फुटला. सासूनं जखम धुतली, पदर खोचला आणि थेट गोविंदरावांचं दार गाठलं.

"तुमच्या जीपचा पत्ता नाही अन् माही सून रक्तबंबाळ होऊन राह्यली! वरात त पायीच येते ना? नवरदेव चार घरं चालला त पाय झिजतीन काय त्याचे?"

गोविंदराव घरात गेले. बाहेर आले ते कुदळ घेऊन. मग काय, खांब गाडले, उंचवट्यांच्या कडा खोदून सायकलपुरती वाट काढली. कालपर्यंत माना डोलावणारेच आता मला खांब कसा गाडायचा ते शिकवत होते.

मी निघालो तेव्हा विमल पट्टी बांधल्या पायानं शाळेला गेली होती, सायकलवरूनच. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "झालं का काम?" झालं म्हटलं, आणि पुन्हा चिडलो. अर्ध्या दुपारचं तर काम होतं. त्यासाठी आधी माझ्या बहिणीचं रक्त त्या मुरमावर सांडावं लागलं, हे मला आजही पटत नाही.