इटलीची रंगीत तालीम
कपाटाच्या वरच्या खणातून लोकरी कोट काढले, की डांबरगोळ्यांच्या वासासोबत मला अल बर्शाचं मेट्रो स्टेशन आठवतं. आम्ही पहिल्यांदाच इटलीला निघालो होतो, तेही ऐन हिवाळ्यात आणि सगळं ट्रेनने, बसने. इथे आखातात तर आम्ही कोपऱ्यावरून दूध आणायलाही कार काढतो. आईला एवढ्या गाड्या बदलणं झेपणार नाही, तिने घरीच राहावं, असं नवऱ्याने जाहीर केलं. सासूबाई म्हणाल्या, "आधी करून तर बघू." मग एका रविवारी रंगीत तालीम ठरली. बॅगांना खरं वजन हवं म्हणून त्याने त्यांत तांदूळ भरले आणि कोटही अंगावरच हवेत, असा हट्ट धरला. बाहेर चांगलंच उकडत होतं आणि स्टेशनवरचे लोक वळून वळून बघत होते. मेट्रो आली. बायकांचा डबा दिसताच सासूबाई आणि मी सरळ आत शिरलो. तो बॅगा ओढत मागोमाग आला आणि गुलाबी पट्टीपाशी थबकला, कारण पुरुषांनी ती ओलांडली तर दंड. शेजारच्या डब्याकडे वळेपर्यंत दारं मिटली. काचेपलीकडे तो कोटात घामाघूम होऊन तांदळासकट उभा होता. सासूबाईंनी तोवर जागा पटकावली होती. कोटाची बटणं सोडत त्या शांतपणे म्हणाल्या, "खलास. हा राहिला." अर्थात त्या इटलीला आल्याच. तिथे बायकांचा वेगळा डबा नव्हता, तरी प्रत्येक स्टेशनवर त्या आधी मुलाला आत चढवायच्या, मग बॅगांना. परवा कोट काढले, तेव्हा त्यांनी विचारलं, "यंदा कुठे? आणि ह्याला झेपेल ना?"