गप्प बसण्याचं पेटंट

माईकतात्या एकच जाहिरात दोन गल्ल्यांत सारखी कधीच सांगायचे नाहीत. उमरग्यात त्यांची रिक्षा होती आणि तिच्या टपावर दोन भोंगे. आमच्या बाबांचं साड्यांचं दुकान. त्याची जाहिरात तात्याच करायचे. हमरस्त्यापलीकडच्या कानडी बोलणाऱ्या गल्लीत ‘बर्री अक्का, बर्री’ असं बोलावत ते इरकलीचं कौतुक करायचे. दोन वळणं पुढं गेले की ‘आओ खाला’ सुरू व्हायचं आणि साडीऐवजी ड्रेसच्या कापडाचं नाव यायचं. शाळेच्या मास्तरणी राहायच्या त्या आळीत ते एकदम शुद्ध मराठीवर यायचे आणि ‘धुवायला सोपी’ यावर जोर द्यायचे.

कोणत्या गल्लीतून गिऱ्हाईक आलं, हेही त्यांना कळायला हवं असायचं. त्यासाठी ते प्रत्येक गल्लीत साडीचा नाहीतर कापडाचा एक वेगळाच रंग सांगायचे. दुकानात कुणी “ती माईकवरची मोरपंखी दाखवा” म्हटलं की तात्या, दुकानात असले तर, हळूच माझ्याकडे बघून म्हणायचे, “वरची गल्ली.” मी तेव्हा सातवीत होते. मला ती जादूच वाटायची.

भोंगा लावण्याआधी तात्या सकाळी गावातून एकदा पायी फिरून यायचे. “आधी कान, मग माईक,” असं त्यांचं म्हणणं. कुणाच्या दारात माणसं जमिनीवर बसलेली दिसली, घरात कुणी गेलेलं असलं, की तेराव्यापर्यंत ती गल्ली तात्यांनी सोडलीच म्हणून समजावं. एकदा ऐन दिवाळीच्या तोंडावर बाबा वैतागले. “अहो तात्या, बाकीच्या घरांनी काय केलंय?”

“त्यांनी कायबी केल्यालं न्हाय मालक,” तात्या म्हणाले. “पर भोंग्याला भिंत कळत न्हाय.”

पुढं मी इंजिनिअर झाले आणि पुण्यात एका कंपनीत लागले. आमचं काम जाहिरातींचंच. फोनवर कुणी काय शोधलं, त्यावरून कुणाला कोणती जाहिरात दाखवायची आणि ती पाहून माणूस खरंच वस्तू घ्यायला गेला का, याचा माग ठेवायचा. त्यातल्या एका पद्धतीचं पेटंट कंपनीला मिळालं आणि शोध लावणाऱ्यांच्या यादीत माझंही नाव आलं. बाबांनी तो कागद फ्रेम करून दुकानातल्या गल्ल्यामागं लावला. तात्यांनी मला ते समजावून सांगायला लावलं. ऐकून ते मांडीवर थाप मारून हसले. “म्हंजी माझंच काम की गं पोरी! फक्त रिक्षा न्हाय.”

नंतर काकूंच्या, म्हणजे तात्यांच्या बायकोच्या, किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा सोलापूरला डायलिसिस. तात्या फोनवर पथ्याचं, औषधांचं, चाकाच्या खुर्चीचं काय काय शोधत राहिले. दीड वर्षानं काकू गेल्या.

त्यानंतर महिन्याभरानं मी घरी आले होते. तात्या दुकानात आले आणि त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर चाकाची खुर्ची, मागं हसणारी म्हातारी बाई आणि खाली मजकूर : ‘त्यांची काळजी घ्या, आजच.’

“सकाळी उघडला की हेच,” तात्या म्हणाले. “बातम्या बघाव्या तर हेच. पोरी, ह्याला अजून कळलंच न्हाय, ती गेल्याली.”

जाहिरातीच्या कोपऱ्यात बारीक खूण होती. ती आमच्या कंपनीची होती. मी म्हटलं, “तात्या, हे आमचंच काम आहे. माझं.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. “मग तुला सांगता येईल की त्याला,” एवढंच म्हणाले.

मी त्यांच्या फोनमधला सगळा माग पुसला. जाहिराती थांबल्या. पण जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, “आन बाकीच्यांच्या फोनात?”

तो प्रश्न घेऊन मी पुण्याला गेले. साहेब म्हणाले, “कुणाच्या घरात कोण गेलं, हे यंत्राला कसं कळणार?” मी म्हटलं, कळायची गरजच नाही, विचारायचं. आजारपणाच्या आणि बाळाच्या जाहिरातींखाली एक ओळ : ‘हे अजून हवं आहे का?’ नको म्हटलं की ते सगळीकडून थांबेल, आणि तो माग कायमचा पुसला जाईल. वर्षभर भांडून ते मान्य झालं. लगेच कंपनीनं त्याच्याही पेटंटची तयारी सुरू केली. यादीत तात्यांचं नाव घालावं, असं मला वाटलं. पूर्ण नाव विचारायला मी त्यांना फोन केला.

“पेटंट म्हंजी दुसऱ्यानं न इचारता वापरायचं न्हाय, असंच ना?”

“हो.”

“मग दुसऱ्या कुठल्या कंपनीला गप बसावं वाटलं, तर तुमची परवानगी काढावी लागंल?”

तात्यांनी नाव दिलं नाही.

मी अर्जावर सही करायला नकार दिला. बरीच बोलाचाली झाली. शेवटी कंपनीनं अर्ज सोडून दिला आणि ती पद्धत कुणीही वापरावी म्हणून लेखाच्या रूपात छापली. किती जणांनी वापरली, मला माहीत नाही. माझी बढती त्या वर्षी राहिली, एवढं माहीत आहे.

ही बातमी सांगायला मी येडशीला गेले. तात्या रिक्षा विकून तिथं लेकीकडं राहायला आले होते. ती आमची शेवटची भेट. पुढच्या श्रावणात ते गेले. त्या भेटीपर्यंत त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. ओसरीवर बसून मला एकेक वाक्य ओरडून सांगावं लागलं. आजूबाजूच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. तात्या मिस्कील हसले. “सांग अजून एकदा. कमलबाईंस्नी ऐकू आलं न्हाय.”

शेजारच्या कमलबाई खरंच पुढं आल्या. पदराखालचा फोन त्यांनी माझ्या हातात दिला. “सुनेचा हाय. सातव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं तिचं. आन ह्यात रोज झबली दाखवतंय. न्हाय म्हणायचं कुठं?”

मी कोपरा पाहिला. खूण आमचीच होती. खालची ओळ त्यांना वाचून दाखवली. मी बोट पुढं करणार, तेवढ्यात तात्यांनी माझा हात धरला आणि नकारार्थी मान हलवली. “तिला इचारलं का?”

कमलबाईंनी फोन परत घेतला. त्या आपल्या घराकडं वळल्या आणि उंबऱ्यावरूनच त्यांनी सुनेला हाक मारली.