रिकाम्या खिशावरचा हात

फिलोमेना माणसं हातांवरून ओळखायची. यात काही विद्या नव्हती. एडेनडेलच्या चढावरच्या ज्या सिनेमा थिएटरात ती तिकिटं विकायची, तिथली खिडकी बांधणाऱ्याने इतकी खाली बांधली होती की आत बसलेल्याला बाहेरच्याचा चेहरा दिसायचाच नाही. बोटं यायची, नाणं ठेवायची, तिकीट उचलून जायची. कोणाची नखं कुरतडलेली आहेत, कोणी काल लग्नाची अंगठी काढून ठेवली आहे, हे तिला गावातल्या पाद्र्याआधी कळायचं.

मूकपटांच्या काळातल्या अशाच एका उन्हाळ्यात तिच्या खिडकीत दोन हात वरचेवर यायला लागले, तिकिटापेक्षा तिच्यासाठीच. एक पिवळे हातमोजे घातलेला. तो व्हर्ननचा. टेकडीखालच्या विनोदी सिनेमाच्या कंपनीत तो पोलिसांच्या रांगेत धावायचा. दुसरा हात सदा खरचटलेला, कुठे ना कुठे पट्टी बांधलेला. तो एमेट डूलिनचा. तोही म्हणे त्याच कंपनीत होता.

"म्हणे" हा शब्द फिलोमेनाच्या आईचा. असुंताबाईंना थिएटरात फुकट प्रवेश होता आणि त्या एकही सिनेमा सोडत नसत. नुसतं बघून त्यांचं भागत नसे, पडद्यावरच्या माणसांना त्या मोठमोठ्याने सल्ले देत.

"तो व्हर्नन मी डोळ्यांनी पाहिला," त्या म्हणाल्या. "डावीकडून तिसरा पोलीस. शिट्टी वाजवतो. आणि तुझा तो पट्टीवाला? एकाही सिनेमात नाही."

"असेल गं कुठेतरी गर्दीत."

"गर्दी मी मोजून बघते! तबेल्यात घोडे धूत असेल. घोडे धुवावेत, त्यात लाज नाही. पण खोटं बोलणारा माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसणार नाही. रविवारी दोघांनाही बोलाव. त्यानंतर एकच जण परत येईल."

फिलोमेनाने एमेटलाच विचारलं. खिडकीखालून आवाज आला, "आहे मी त्यात. नीट बघ."

"कुठला?"

"ते सांगता येत नाही."

"का नाही?"

"सांगितलं तर नोकरी जाईल."

आता ही असली कसली नोकरी? त्यात व्हर्नन येऊन गालात हसत म्हणाला, "खरं सांगू? मीसुद्धा याचं तोंड पडद्यावर कधी पाहिलेलं नाही." हे वाक्य अक्षरशः खरं होतं, आणि व्हर्ननला त्याचं भारी कौतुक वाटत होतं.

फिलोमेनाला चैन पडेना. व्हर्ननचा पिवळा मोजा एकीकडे आणि हे कोडं दुसरीकडे. कोड्याचं वजन जास्त होतं. शेवटी शनिवारी दुपारी तिने पियानो वाजवणाऱ्या म्हातारीला खिडकीत बसवलं आणि स्वतः आत जाऊन बसली. त्या दिवशी पियानोच वाजला नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या, पण तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

सिनेमा अगदी साधा होता. एक मुलगी, तिच्यामागे एक जाडा आणि एक काटकुळा. जाडा फुलं आणतो, काटकुळा ती बकरीला खायला घालतो. मग पाठलाग, शिडी, छप्पर. काटकुळा छपरावरून तळ्यात. जाडाही तळ्यात. दोघांच्या ओढाताणीत शेवटी मुलगीही तळ्यात. फिलोमेनाने चेहरे शोधले. एमेट कुठेच नव्हता. दुसऱ्या खेळालाही ती उठली नाही, पण आता सवयीप्रमाणे हातांकडे बघायला लागली.

काटकुळा छपराच्या कडेला झोकांड्या खात होता. पडायच्या क्षणी त्याचा हात छातीवरच्या खिशाकडे गेला. हलकेच एक थाप. मग धाडकन खाली.

फिलोमेना सावरून बसली. ही थाप तिच्या ओळखीची होती. एमेटला लांबचं नीट दिसत नसे. चष्मा तो छातीच्या खिशात ठेवायचा, आणि ट्रामच्या पायरीवरून उतरतानासुद्धा खिसा चाचपून बघायचा. वरून पडणाऱ्याने खिसा रिकामा आहे ना, हे बघून घेतलेलं बरं. म्हणजे पडताना नटाच्या जागी एमेट असायचा, आणि कंपनीला हे लोकांना कळू द्यायचं नव्हतं.

मग जाडा आला. पोटाला उशा बांधलेला, लांबूनच दाखवलेला. थाप. धाडकन.

"एक माणूस स्वतःशीच भांडतोय!" फिलोमेना पुटपुटली. तेवढ्यात कुरळ्या केसांची ती मुलगी छपराच्या टोकावर डगमगली. तिच्या झग्याला खिसा नव्हता. तरी तिने छातीवर थाप मारली आणि झगा फुलवत तळ्यात गेली.

फिलोमेना इतकी हसली की पुढच्या रांगेतला माणूस टोपी सावरत दुसरीकडे जाऊन बसला.

रविवारी व्हर्नन पिवळे मोजे घालून आला, एमेट नवी पट्टी बांधून. असुंताबाई पडवीत खुर्ची टाकून न्यायाधीशासारख्या बसल्या होत्या. खाली अंगणात कपडे भिजवलेला मोठा लाकडी टब.

"दाखवा," त्या म्हणाल्या. "सिनेमात काय करता, ते इथे दाखवा."

व्हर्ननने शिट्टी वाजवली, गुडघे उचलून जागच्या जागी धावला. असुंताबाईंनी मान डोलावली. "हाच तो. तिसरा. आता तू."

एमेटने हातावरची पट्टी नीट केली.

"बघितलंत ना, सिन्योरा?" व्हर्नन हळूच म्हणाला.

फिलोमेना एमेटजवळ गेली आणि त्याच्या कानाशी लागली. "झग्याला खिसा नसतो रे." एमेटचा चेहरा पांढराफटक पडला. "मी कोणाला सांगणार नाही. तूही सांगू नकोस. बोलायची काय गरज आहे?"

एमेटने तिच्याकडे बघितलं. टबाकडे बघितलं. खिशातून चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि पडवीच्या कठड्यावर चढला. तिथे एकदा पुढे झुकला, एकदा मागे. एक पाय हवेत गेला. हात छातीवर आला. थाप.

टबातलं निम्मं पाणी अंगणातल्या कोंबड्यांवर उडालं.

असुंताबाई किंचाळत उठल्या, कठड्याशी धावल्या, आणि तिथेच थबकल्या. डोळे बारीक करून त्या साबणाच्या फेसातल्या त्या डोक्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई, तू होय! किती ओरडून सांगत होते तुला, त्या जाड्याच्या नादी लागू नकोस म्हणून!"

व्हर्ननने मोजे चढवले. त्याला कोणी थांब म्हणालं नाही.

घरातले सगळे कपडे टबात होते. कोरडा होता तो असुंताबाईंचा एक झगा. तोच घालून एमेट टेबलाशी बसला, आणि जराही न अवघडता त्याने शेवया वाढून घेतल्या. झग्याची त्याला सवय होती. समोर फिलोमेना त्याचा चष्मा रुमालाने पुसत होती. आता हा परत द्यावा, की त्याचा खिसा असाच रिकामा ठेवून बघावं काय होतं ते, याचा ती विचार करत होती.