वॉल्टर बाम्बरची कोण?

हेटी एन्टविसल आणि मी इंग्लंडमधल्या फ्लीटवुडच्या बंदरावर एकाच माडीवर मासेमारीची जाळी विणायचो आणि शेजारी शेजारीच राहायचो. वॉल्टर बाम्बरशी तिचं लग्न झालेलं नव्हतं. त्याची लग्नाची बायको ॲग्नेस प्रेस्टनला राहायची. पक्की कॅथलिक, घटस्फोटाचं नाव काढू द्यायची नाही.

माडीवर एखादी टोमणा मारायचीच, "काय गं हेटी, तुझी अंगठी माशानं गिळली की काय?"

हात न थांबवता हेटी म्हणायची, "मी कॉमन-लॉ वाइफ आहे त्याची. सात वर्षं एका छपराखाली काढली की कायदा बायकोच मानतो. विचार कुणालाही."

विचारलं कुणीच नाही. आम्ही सगळे तसंच समजत होतो, वॉल्टरसुद्धा. म्हणून तर त्यानं मृत्युपत्र केलं नाही.

एका जानेवारीत बोटीवरून उतरताना तो धक्क्यावर कोसळला, तो उठलाच नाही. हेटीनं त्याचा निळा सूट इस्त्री केला आणि अंत्यसंस्कारवाल्या टॉमकडे नेला. टॉमला तिच्याकडे बघवेना.

"हेटी, प्रेस्टनहून निरोप आलाय गं. त्याला तिकडे न्यायचंय."

"कोण नेणार? मी इथे बसलेय ना!"

मी तिला वकिलाकडे नेलं. म्हातारा भला होता. म्हणाला, "बाई, हा शब्द लोकांच्या तोंडी आहे. इंग्लंडच्या कायद्यात अशी बायकोच नाही, सात वर्षं असोत नाहीतर सत्तर."

"मग मी त्याची कोण?"

तो चष्मा पुसत हळूच म्हणाला, "कायद्याच्या लेखी, कुणी नाही."

हेटीनं हातमोजे चढवले, त्याचे आभार मानले आणि जिना उतरली.  

अंत्यविधीला प्रेस्टनच्या चर्चमध्ये आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. काळी टोपी घातलेली ॲग्नेस स्वतः मागे आली.

"सूट तुम्ही पाठवलात? मला वाटलं ढगळ होईल. माझ्या वेळी तो काटकुळा होता."

"नंतर अंगानं सुटला होता," हेटी म्हणाली.

"शेवटी त्रास झाला का त्याला?"

"नाही. कळलंच नाही त्याला."

ॲग्नेसनं मान हलवली, घुटमळली आणि पुढे आपल्या जागेवर जाऊन बसली.

घर वॉल्टरच्या नावावर होतं. ॲग्नेसनं ते विकलं. हेटी दोन ट्रंका घेऊन माझ्या वरच्या खोलीत राहायला आली. माडीवर पुन्हा कुणी तिला चिडवलं नाही; तेच तिला जास्त लागायचं.

उन्हाळ्यात ती म्हणाली, "मार्था, येतेस का माझ्याबरोबर प्रेस्टनला?" थडग्यावर नवा दगड बसला होता. वॉल्टरच्या नावाखाली ॲग्नेसच्या नावासाठी जागा मोकळी सोडलेली होती. हेटी तिथे बराच वेळ बघत उभी राहिली. मग वाकून तिनं दगडावरची पाखरांची घाण रुमालानं पुसली आणि म्हणाली, "चल, बस चुकेल."